मनोरंजनदा, आता विधानसभेवर लिहा

श्री. मनोरंजन ब्यापारी यांस,


तुम्हाला मनोरंजनदा म्हणतो. बंगाली माणसाच्या नावापुढे ‘दा’ लावलं की निम्मं परकेपण जातं, हे आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बंगाली गावांत फिरताना शिकलो. त्या गावांविषयी पुढे बोलायचंच आहे.

पत्र अभिनंदनाचं नाही. त्याची वेळ मे २०२१ मध्ये होती आणि तेव्हा ते पुष्कळांनी केलं. हुगळी जिल्ह्यातल्या बलागढ या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघातून तुम्ही तृणमूल काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिलात आणि सहा हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने निवडून आलात. अर्ज भरायला रिक्षा चालवत गेला होतात, त्यामुळे छायाचित्रकारांचीही सोय झाली. रिक्षावाला आमदार झाला, हा मथळा देशभरच्या वर्तमानपत्रांना आयताच मिळाला.

तो मथळा मला तेव्हाही खटकला होता. खोटा नव्हता तो. पण त्यात एक माणूस, एक रिक्षा आणि एक खुर्ची एवढंच होतं. एकट्या माणसाच्या जिद्दीची गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण ती वाचून कुणालाच काही करावं लागत नाही. सरकारला नाही, पक्षाला नाही, वाचकाला तर नाहीच. रिक्षा आणि खुर्ची यांच्यामध्ये छावणी होती, दंडकारण्य होतं, मरिचझाँपी होतं आणि दल्ली-राजहरा होतं. मथळ्यात न मावलेल्या त्या मजकुराविषयी, आणि त्यातून तुमच्याकडे काय मागावंसं वाटतं त्याविषयी हे पत्र आहे.

आता मराठीतच का लिहितो ते सांगतो. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये तुमचा लेख आला, बांगलात दलित लेखन आहे का असं विचारणारा. मीनाक्षी मुखर्जींनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला होता. बंगालबाहेरच्या बहुतेकांनी तुमचं नाव तिथे पहिल्यांदा वाचलं. आम्हा मराठी वाचकांना त्या प्रश्नाचं नवल वाटलं. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा, दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. आमच्याकडे या प्रश्नावर वाद होऊन, लोक थकून, नव्या वादाला लागून जमाना झाला होता. आणि आपल्याकडे जातपात नाहीच असं छातीठोक सांगणाऱ्या बंगालात तो प्रश्न तेव्हा कुठे इंग्रजीच्या दारातून घरात शिरत होता. म्हणून वाटलं, या बाबतीत चार गोष्टी मराठीतून बोलायला हरकत नाही. आमच्या माणसांनीही तुमच्या आधी ही वाट तुडवली आहे आणि तिच्यावरचे खड्डे आम्हाला माहीत आहेत.

तुमचा जन्म बारिसालमधल्या तुरुकखालीचा, नमःशूद्र घरातला. फाळणीनंतर काही वर्षांनी, तुम्ही अगदी लहान असताना घरच्यांनी सीमा ओलांडली आणि बांकुडा जिल्ह्यातल्या शिरोमणिपूरच्या छावणीत एक तंबू पदरात पडला. पूर्व पाकिस्तानातून आलेला निर्वासित म्हटला की आम्हा महाराष्ट्रातल्यांच्या डोळ्यांपुढे एकच एक माणूस येतो. तसा तो नव्हता, हे तुमच्या ‘इतिवृत्ते चंडाल जीवन’ या आत्मचरित्राने आम्हाला नीट समजावलं. आधी आले त्यांतले बरेचसे वरच्या जातींचे, शिकलेले, कलकत्त्यात कुणी ना कुणी नातलग असलेले. त्यांनी शहराच्या दक्षिणेला पडीक जमिनी आणि लष्कराने सोडलेल्या बराकी ताब्यात घेऊन वसाहती उठवल्या. विजयगढ त्यांतलीच. बंगालीत त्यांना जबरदखल कॉलनी म्हणतात. तिथे शाळा निघाल्या, कॉलेज निघालं, आणि यथावकाश सरकारने त्या वसाहती कायमही केल्या. मागून आले ते शेतकरी आणि मच्छीमार, बहुतेक नमःशूद्र आणि पौंड्र. त्यांनी काही ताब्यात घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या वाट्याला छावणी, डोल म्हणजे सरकारी मदत, आणि छावणीनंतर सरकार पाठवील ते जंगल.

पुढे तुम्ही रिक्षा चालवलीत ती जादवपूरला, म्हणजे याच वसाहतींच्या भागात. विजयगढच्या ज्योतिष राय कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई एके दिवशी तुमच्या रिक्षात बसल्या, वाचताना अडलेल्या एका शब्दाचा अर्थ तुम्ही त्यांना विचारलात, आणि त्या महाश्वेता देवी निघाल्या. हा प्रसंग तुमच्या वाचकांना तोंडपाठ आहे. १९८१ साली त्यांच्या ‘बर्तिका’ या नियतकालिकात ‘मी रिक्षा चालवतो’ हा तुमचा पहिला लेख आला. लोक या प्रसंगात दैवयोग बघतात. मला त्यात निर्वासितांच्या दोन रांगा दिसतात. रिक्षा चालवणारा छावणीतून आलेला, आणि ती ज्या गल्ल्यांतून चालली होती त्या गल्ल्या दुसऱ्या निर्वासितांनी वसवलेल्या. फाळणी एकच होती. एकाला तिने प्लॉट दिला, दुसऱ्याला पायडल. अक्षरओळखही तुम्हाला कुठल्या शाळेने दिली नाही. ती तुरुंगात एका वडीलधाऱ्या कैद्याने जमिनीवर काडीने गिरवून घेतली.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण ती तुमच्या कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही. निर्वासितांच्या संघटनेतून राज्याच्या राजकारणात जाता येतं, हे बंगालने तुमच्या कितीतरी आधी दाखवलं होतं. १९५० साली युनायटेड सेंट्रल रिफ्यूजी कौन्सिल उभी राहिली. डाव्यांनी तिच्या झेंड्याखाली मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, वसाहती वाचवल्या. १९७७ ला डावी आघाडी सत्तेवर आली तेव्हा तिच्या पायाचे कितीतरी दगड या वसाहतींतले होते. फक्त विधानसभेपर्यंत पोचले ते वसाहतवाले. छावणीवाले मोर्चाला चालत होते, उमेदवारांच्या यादीत जवळपास नव्हते.

छावणीवाल्यांसाठी उभं राहिलेलं मोठं नाव म्हणजे जोगेंद्रनाथ मंडल. बारिसालचेच ते. मराठी माणसाने त्यांचं नाव आदराने घ्यावं असं कारण आहे. १९४६ साली मुंबई प्रांतातून संविधान सभेवर जायची बाबासाहेबांची वाट बंद झाली, तेव्हा त्यांना बंगालमधून निवडून दिलं ते मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पुढे बाबासाहेब भारताचे कायदामंत्री झाले आणि मंडल पाकिस्तानचे. १९५० साली राजीनामा देऊन मंडल कलकत्त्याला परतले. एका देशाचा माजी कायदामंत्री मग छावण्या-छावण्यांतून हिंडू लागला, लोकांना बंगालबाहेर हाकलण्याविरुद्ध उभं करू लागला. निवडणुकाही लढले. भारतात त्यांना एकही जिंकता आली नाही. १९६८ साली ते गेले. त्याच समाजातले, स्वतःही सीमा ओलांडून आलेले मतुआ पंथाचे प्रमुख प्रमथरंजन ठाकूर मात्र काँग्रेसमधून विधानसभेत गेले, राज्यमंत्रीही झाले. मी ठाकूरांना कमी लेखत नाही. ठाकूरनगर त्यांनीच वसवलं. पण हिशेब उघड आहे. ज्याच्यामागे पक्ष त्याला सभागृह, ज्याच्यामागे छावणी त्याला हार. तुम्ही २०२१ साली ठाकूरांची वाट धरलीत. मंडलांची नव्हे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, वस्तुस्थिती म्हणून लिहितो.

दंडकारण्य प्रकल्प १९५८ चा. ओडिशातला कोरापूट, तेव्हाच्या मध्य प्रदेशातला बस्तर. नद्यांच्या जाळ्यात वाढलेल्या, भात आणि मासळीवर पोसलेल्या माणसांना रायपूरजवळच्या माना कॅम्पातून पुढे मुरमाड माळांवर नेऊन बसवलं. जायला नकार देणाऱ्यांची डोल बंद. तुमच्या वडिलांनी नकार दिला, आणि त्या नकाराची किंमत घराने उपासमारीने चुकवली. शिरोमणिपूरहून घोला-दोलतला, तिथून मिळेल ते मजुरीचं काम. चौदाव्या वर्षाच्या आसपास तुम्ही घर सोडलंत ते पोटासाठी.

आणि मग मरिचझाँपी. विरोधी पक्षात असताना डावे नेते दंडकारण्यात जाऊन निर्वासितांना सांगत होते की आमचं राज्य आलं की तुम्हाला परत आणू. लोकांनी तो शब्द खरा मानला. १९७८ साली हजारो कुटुंबांनी होतं नव्हतं ते विकलं आणि सुंदरबनातल्या त्या बेटावर जाऊन वस्ती केली. सरकारकडे त्यांनी पैसा मागितला नव्हता. बांध घातले, शाळा काढली, विहिरी खणल्या, होड्या बांधल्या. जानेवारी १९७९ मध्ये सरकारने बेटाची नाकेबंदी केली. धान्य, औषध, पिण्याचं पाणी तोडलं. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्यात उरलेल्यांना हुसकून पुन्हा दंडकारण्याच्या गाड्यांत कोंबलं. किती माणसं मेली यावर आजही एकमत नाही; सरकारी आकडा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका आणि लोकांचे आकडे शेकड्यांपासून हजारांपर्यंत. तुमच्या वडिलांनीही तिथे पोलिसांचा मार खाल्ला. ज्या राज्यात निर्वासितांच्या आंदोलनावर सत्ता उभी राहिली, त्या राज्याने निर्वासितांशी हे केलं. जातीचा उल्लेख केल्याशिवाय याचं स्पष्टीकरण देता येत असेल तर कुणीतरी द्यावं.

आता दल्ली-राजहरा. तुमच्या मथळ्यातून नेमकं हेच गळतं, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

ऐंशीच्या दशकात तुम्ही कलकत्ता सोडून बस्तरकडे गेलात, म्हणजे वडिलांनी ज्या दंडकारण्याला नाही म्हटलं तिथेच, आणि शंकर गुहा नियोगींच्या संघटनेचं काम करू लागलात. नियोगी उत्तर बंगालमधून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आलेले. भिलाईला लोखंडाचं खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत हजारो ठेका मजूर हाताने दगड फोडत. १९७७ साली त्यांनी स्वतःची युनियन काढली. त्याच जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा माणसं मारली गेली. नागपूरहून काही तासांच्या अंतरावर हे घडत होतं, आणि आमच्या विदर्भातल्या कितीतरी कार्यकर्त्यांनी तिथे जाऊन संघटना कशी बांधतात ते पाहिलं.

काय पाहिलं, तर युनियन फक्त मजुरीच्या दरावर बोलत नव्हती. दारू सोडा म्हणून मोहीम निघाली आणि खाणीतल्या बायकांनी ती उचलून धरली. गोळीबारात मेलेल्यांच्या नावाने १९८३ साली शहीद हॉस्पिटल सुरू झालं. वर्गणी मजुरांची, श्रमदान मजुरांचं, आणि बंगालमधून आलेले तरुण डॉक्टर. बिनायक सेनही सुरुवातीला तिथेच होते. झेंडा लाल आणि हिरवा, कामगाराचा आणि शेतकऱ्याचा. घोषणा संघर्ष आणि निर्माण. १९८५ साली याच संघटनेने डौंडी-लोहारा मतदारसंघातून आपला माणूस, जनकलाल ठाकूर, मध्य प्रदेशच्या विधानसभेत पाठवला. १९९३ ला पुन्हा पाठवला. दिल्लीचा फोन नाही, भोपाळची यादी नाही. खाणीतल्या माणसांनी ठरवलं, वर्गणी काढली, प्रचार केला, निवडून दिला.

आणि पक्षापेक्षा संघटना बरी, असं भाबडेपणाने म्हणायलाही मी तयार नाही. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींना भिलाईत झोपेत गोळी घातली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली. ज्या उद्योगपतींवर कटाचा आरोप होता ते सुटले. नियोगींमागे संघटनेत गट पडले. एक आमदार म्हणजे सभागृहात एक मत, त्याने कायदा बदलत नाही. तुम्ही तिथून परतलात, आणि कलकत्त्याच्या मुकुंदपूरला मूकबधिर मुलांच्या शाळेत स्वयंपाकी म्हणून लागलात. दिवसभर शेकडो भाकऱ्या-भाताचा रगाडा उपसून रात्री लिहीत राहिलात. संघटनेच्या पडत्या काळात कार्यकर्त्याने घर चालवायचं कसं, हा प्रश्न आमच्याकडच्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या बायकांनाही विचारून पाहावा. त्यांची उत्तरं कुठल्या ठरावात सापडत नाहीत.

तेव्हा पक्षाने हात पुढे केला आणि तुम्ही तो धरलात, यात पाप नाही. २०२० साली बंगाल सरकारने दलित साहित्य अकादमी काढली, तुम्हाला अध्यक्ष केलं. गुडघे निकामी झाल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटका होऊन ग्रंथालयात बदली झाली. दुसऱ्या वर्षी तिकीट. सत्तरीच्या माणसाला कुणी म्हणावं की थांबा, आधी वीस वर्षं संघटना बांधा आणि मग या? मंडल थांबले. त्यांना काय मिळालं ते वर लिहिलंच आहे.

पण तिकिटाचं बिल येतंच. २०२३ च्या पंचायत निवडणुकीच्या तोंडावर उमेदवारी वाटपावरून तुम्ही संतापलात आणि पक्षाची पदं सोडत असल्याचं फेसबुकवर जाहीर केलंत. ती बातमी वाचताना मला जनकलाल ठाकूर आठवले. आमदाराला आपली तक्रार फेसबुकवर का मांडावी लागते? कारण तिकीट वरून आलेलं असतं, आणि खाली ज्या पंचायती, ज्या कमिट्या, ज्या मोटरसायकली असतात त्या दुसऱ्या कुणाच्या तरी असतात. आमदार एकटा पडतो. तुमच्या लेखनाचे वाचक देशभर होते, दिल्ली-जयपूरच्या संमेलनांत होते. बलागढच्या बूथवर ते कुठून येणार? दल्ली-राजहराचा आमदार रागावला असता तर त्याला युनियनच्या ऑफिसात जाऊन बोलता आलं असतं. रागवायची पाळी उलट त्याच्यावर आली असती, लोकांनीच त्याला जाब विचारला असता. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

दुसरं बिल मरिचझाँपीचं. तृणमूल सत्तेवर आली २०११ ला. डाव्यांच्या पापांच्या यादीत मरिचझाँपीचं नाव प्रचारात वाजत-गाजत असे. तुम्ही निवडून येईपर्यंतच्या दहा वर्षांत त्या प्रकरणाची न्यायालयीन चौकशी झाली नव्हती. मरिचझाँपीत मार खाल्लेल्याचा मुलगा त्या सभागृहात जाऊन बसला, हे विलक्षण आहे. चौकशीची मागणी त्याच्या आवाजात, सभागृहाच्या नोंदीत, तारखेनिशी असायला हवी. सत्ताधारी बाकावर बसून स्वतःच्या सरकारला असा प्रश्न विचारणं किती अवघड असतं, याची कल्पना आम्हाला आहे. पण ते तुम्हीच विचारायचं. बाकीच्यांना ती फक्त घोषणा.

गडचिरोलीकडे येतो. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी नावं असलेली गावं आहेत. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांना सरकारने तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात वसवलं, त्यांची ही गावं. पोखरणीत मासे, परसात केळी, तुळशीपाशी शंख. बाजारात ती माणसं अस्खलित मराठी बोलतात, घरी बांगला, आणि गोंड गिऱ्हाईक आलं तर त्याच्याशीही चार शब्द. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढून दाखवली होती. आत घडीवर चिरलेली बॉर्डर स्लिप. नाव, बापाचं नाव, माणसं किती, एवढाच मजकूर. तो कागद त्यांनी लग्नाच्या फोटोपेक्षा जपून ठेवला आहे. तुमचं नाव निघालं तेव्हा ते म्हणाले, “आमच्यातला असून आमदार झाला? मग तो तिकडेच राहिला म्हणून झाला.”

म्हाताऱ्याचं म्हणणं कायद्याने तंतोतंत खरं आहे. नमःशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जात आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. सख्ख्या दोन भावांपैकी एकाला बंगालात ठेवला आणि दुसऱ्याला गडचिरोलीत आणला, तर पहिल्याची मुलं राखीव आणि दुसऱ्याची खुली. जात तीच, छावणी तीच, स्लिपवर बापाचं नाव तेच. जातीच्या दाखल्याची मागणी करत इथली दुसरी-तिसरी पिढी म्हातारी व्हायला आली. तुमच्या वडिलांनी जंगलात जायला होकार दिला असता आणि नशिबात सुंदरनगर आलं असतं, तर बलागढसारख्या राखीव जागेवर तुम्हाला अर्जच भरता आला नसता.

एवढंच सांगून थांबलो तर मात्र अर्धवट सांगितल्यासारखं होईल. गडचिरोली जिल्ह्यात विधानसभेच्या तीन जागा, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी. तिन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव. म्हणजे स्वतःच्या जिल्ह्यातून बंगाली माणूस आमदारकीला उभाच राहू शकत नाही. हे अन्यायाचं आहे का? मला तसं म्हणवत नाही. ज्या जंगलात सरकारने निर्वासित आणून बसवले ते माडिया-गोंडांचं होतं, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बस्तरमध्येही तेच. दिल्लीने एका उपाशी माणसाला दुसऱ्या उपाशी माणसाच्या ताटावर बसवलं. तुम्ही दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. निर्वासित म्हणून आणि छत्तीसगडच्या आदिवासी मजुरांचा कार्यकर्ता म्हणूनही. हा गुंता तुमच्याइतका आतून माहीत असलेला दुसरा लोकप्रतिनिधी माझ्या तरी डोळ्यांपुढे नाही. निर्वासितांच्या बाजूने बोलणारे आदिवासींचं नाव गाळतात, आदिवासींच्या बाजूने बोलणारे बंगाल्यांना बाहेरचे ठरवून मोकळे होतात. दोघांना एका वाक्यात घेऊन बोलेल असा माणूस इथल्या सभांना हवा आहे.

(जाता जाता: कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं, तिथे १९४९ साली उल्हासनगर झालं. कारखाने, नगरपालिका, आमदार, सगळं झालं. महाराष्ट्र निर्वासितांना सामावून घेतो हे सांगताना आम्ही नेहमी उल्हासनगरचं उदाहरण देतो. मुलचेऱ्याचं कुणी देत नाही.)

कागदाची ही काळजी बंगालातही संपलेली नाही. तिथे २०२५ च्या नोव्हेंबरात मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली आणि २००२ च्या यादीत स्वतःचं किंवा आईबापांचं नाव दाखवा, असं लोकांना सांगण्यात आलं. डिसेंबरात प्रारूप यादी आली तेव्हा ५८ लाखांच्या घरात नावं वगळलेली होती; मृत, स्थलांतरित, दुबार, बेपत्ता अशा खात्यांवर. त्याआधी २००३ ची नागरिकत्व दुरुस्ती, मग २०१९ चा कायदा, मग २०२४ चे नियम. प्रत्येक वेळी मतुआ-नमःशूद्र वस्त्यांत पेट्या उघडल्या जातात, पिशव्या बाहेर निघतात. सत्तर वर्षांपूर्वी सीमेवर जी रांग लागली होती ती तहसील कचेरीपर्यंत सरकली आहे, एवढाच काय तो फरक. छावणीतला मुलगा आमदार झाला तरी छावणीतल्या माणसाचा कागद पक्का झाला नाही.

आमच्याकडचा अनुभव सांगतो, मग मागणं मागतो. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. त्या पिढीतले लोक पुढे कुठे कुठे गेले ते तुम्हाला ठाऊक असेल. रामदास आठवले १९९० मध्ये शरद पवारांच्या मंत्रिमंडळात गेले, पुढे भाजपबरोबर केंद्रात. नामदेव ढसाळ शिवसेनेच्या जवळ गेले. ‘उपरा’ लिहिणारे लक्ष्मण माने विधान परिषदेत बसले. यांतल्या कुणाच्या निर्णयाचा निवाडा मला करायचा नाही. माझी तक्रार वाचकाची आहे. गावकुसाबाहेरचं जगणं मराठीत इतकं सोलून लिहिलं गेलं की पुढच्या कुणाला सबब राहिली नाही. सत्तेच्या आतलं जगणं मात्र कुणी तसं लिहिलं नाही. ‘बलुतं’च्या तोडीचं पुस्तक आमदारकीवर मराठीत मला दिसत नाही. मंत्र्यांच्या आठवणी आहेत, सत्कारग्रंथ आहेत, गौरवांक तर पोत्याने. पण तिकीट मिळालं त्या रात्री मनात काय आलं, कुणाच्या पाया पडावं लागलं, कुणाचं ऐकून कुठल्या विधेयकाला हात वर केला आणि घरी आल्यावर बायको काय म्हणाली, हे कुणी लिहिलेलं नाही. त्यामुळे चळवळीतला प्रत्येक नवा पोरगा तिकीट घेताना पुन्हा पहिल्यापासून चाचपडतो.

तुम्ही तुरुंगावर लिहिलंत ते असं की वाचकाला जेलरपेक्षा तुरुंग जास्त कळावा. छावणीवर लिहिलंत, स्टेशनवर लिहिलंत, स्वयंपाकघरावर लिहिलंत. स्वतःला कधी वाचवलं नाहीत. चोरी केली तर चोरी लिहिलीत, मारामारी केली तर मारामारी. तुमच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी अनुवादाला २०१८ चा ‘द हिंदू’ पुरस्कार मिळाला तो या सचोटीमुळेच, असं मी समजतो. त्याच लेखणीने आता बलागढ आणि कलकत्त्याचं विधानभवन लिहा. फोन कुणाचा आला, अर्ज भरताना रिक्षा कुणाची कल्पना होती, पंचायतीचं तिकीट कसं ठरतं आणि त्याला काय दर पडतो, दलित साहित्य अकादमीला सरकारने काय दिलं आणि काय मागितलं, मरिचझाँपीचं नाव काढल्यावर कुणाचा चेहरा उतरला, गावातला माणूस कुठलं काम घेऊन दारात आला आणि त्यातलं किती झालं. कुणाला दुखवायचं म्हणून लिहू नका, सांभाळून घ्यायचं म्हणूनही लिहू नका.

आणि एकदा मुलचेऱ्याला या. कुठल्या पक्षाच्या सभेला नको. बंगाली गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात बसू, शेजारच्या माडिया पाड्यातल्या चार माणसांनाही बोलावू. गोंडी आणि बांगला दोन्ही येणारी पोरं इथे आहेत, दुभाष्याची अडचण पडणार नाही. जातीच्या दाखल्याचं आणि वनहक्काच्या दाव्यांचं बोलणं एकाच बैठकीत करून पाहू.

पुस्तक बांगलात लिहा. ते मराठीत आणायची जबाबदारी आमची.

आपला,
चंद्रपूरचा एक मराठी वाचक